मापाचा कागद

(दृश्य: सकाळ. सुभाषनगरातली गल्ली. उंबऱ्याशी बसलेले कारागीर. हातात रापी (चामडं कापायची सुरी), पुढ्यात चामड्याचा तुकडा.)

कोल्हापूर, सुभाषनगर. इथं चप्पल शिवायची म्हटली की आधी कागद लागतो.

मामा गिऱ्हाइकाला बसवतात आणि जुन्या वहीचं पान जमिनीवर पसरतात. "पाय ठेवा. दाबू नका, रोज उभं राहता तसंच राहा." पेन्सिल टाचेपासून निघते, करंगळीला वळसा घालते, अंगठ्याशी जरा थांबते आणि पुन्हा टाचेला येते. मग दुसरा पाय. डावा आणि उजवा पाय तंतोतंत सारखा क्वचितच असतो, म्हणून मामा दोन्ही पायांचं माप घेतात.

पेन्सिल फिरत असताना ते एक शब्द बोलत नाहीत. विचारायचं ते नंतर विचारतात. चपलेचा प्रकार कोणता, कापशी की पुकरी? अंगठा सैल ठेवू की घट्ट? भोवरी आहे का?

(दृश्य: कागदावरची पावलाची रेघ. तिथून लॅपटॉपचा पडदा.)

हेच प्रश्न आता या पडद्यावर आहेत. हा ऑर्डरचा फॉर्म मामांच्या भाचीनं केलाय. कोड लिहायच्या आधी दोन दिवस ती या उंबऱ्याशी बसली होती. मामा काय विचारतात, कुठल्या क्रमानं विचारतात, ते तिनं वहीत उतरवलं. फॉर्मचा क्रम तोच आहे.

वेबपानावर फॉर्म ही जुनी सोय आहे. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हाच तिच्यात लिहायची चौकट, निवडीची यादी आणि पाठवायचं बटण होतं. चपलेचा प्रकार निवडायला इथं जे गोल ठिपके दिसतात, त्यांना रेडिओ बटण म्हणतात. जुन्या गाड्यांतल्या रेडिओवर एक बटण दाबलं की आधीचं वर यायचं, त्यावरून हे नाव पडलं. कापशी निवडली की पुकरीवरचा ठिपका आपोआप निघतो. पुढे एचटीएमएल ५ आलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये ते अधिकृत शिफारस झालं. अमुक चौकट रिकामी सोडायची नाही, तमुक चौकटीत ईमेलचाच पत्ता हवा, एवढी तपासणी ब्राउझर आता स्वतः करतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. भाचीची आई, हातात मोबाइल.)

पहिला फॉर्म तयार झाला तो एका दुपारीच. संध्याकाळी तिनं तो आईच्या हातात दिला. आईनं मराठीत नाव लिहिलं. चौकट लाल झाली. आईनं नाव खोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा तिनं मोबाइल लेकीकडे दिला आणि म्हणाली, "माझंच कायतरी चुकतंय बघ."

आईचं काहीच चुकलं नव्हतं. नावात फक्त इंग्रजी ए ते झेड चालतील, असा नियम त्या चौकटीला लावला होता. असे नियम तयार मिळतात आणि उचलून चिकटवले जातात. आपल्या माणसांनी, आपल्याच माणसांसाठी केलेल्या कितीतरी फॉर्मांत ते तसेच बसलेत. आपलं नाव आपल्या लिपीत लिहिणाऱ्याला चूक ठरवणारा फॉर्म कोल्हापुरात चालता कामा नये.

(दृश्य: पडद्यावर मोठ्या अक्षरात 'कोल्हापूर'. एकेक चिन्ह सुटं होत जातं.)

तिनं नियम बदलला: जगातल्या कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल. तरी चौकट लालच. कारण इथं दिसतंय. 'कोल्हापूर' आपण वाचतो ते को, ल्हा, पू, र. चार अक्षरं. संगणक मोजतो नऊ: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीतच, ती 'चिन्हं' या वेगळ्या वर्गात येतात. नियमात त्या वर्गालाही जागा दिली तेव्हा कुठे आईचं नाव मावलं. जास्तीत जास्त किती अक्षरं, ही मर्यादाही तिनं वाढवली. वीस म्हणून ठेवलेली जागा मराठी नावाला बऱ्याचदा दहाव्या अक्षराच्या आतच संपते.

मग पिन कोड. आईनं ४१६ नं सुरू होणारे सहाही आकडे मराठीत लिहिले. फॉर्मचा कोड ज्या भाषेत आहे त्या जावास्क्रिप्टला ते आकडेच वाटेनात. हे मात्र चटकन सुटलं. युनिकोडमध्ये शून्य ते नऊ हे मराठी आकडे ओळीनं बसवलेत, त्यामुळे एका ओळीच्या कोडमध्ये ते इंग्रजी होतात. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

(दृश्य: बोट चौकटीवर नाही, शेजारच्या शब्दावर. तरीही चौकट उघडते.)

हे बघण्यासारखं आहे. 'डावा पाय' या शब्दावर बोट ठेवलं तरी चौकट तयार होते, कारण तो शब्द लेबल म्हणून चौकटीला बांधलाय. नजर अधू असलेल्या माणसाला फोन हेच लेबल वाचून दाखवतो. चौकटीच्या आत फिकट अक्षरात लिहिलेली सूचना टाइप करायला लागलं की नाहीशी होते. मग आपण काय भरत होतो ते आठवावं लागतं.

दोन्ही पायांची लांबी वेगवेगळी विचारलीय. फरक एक सेंटिमीटरहून जास्त निघाला तर फॉर्म अडवत नाही, विचारतो: "पुन्हा एकदा मोजून बघता का?" आणि टाइप करताना तो मध्ये बोलत नाही. बोट पुढच्या चौकटीत गेलं की मगच सांगतो: "पिन कोड सहा आकडी असतो. तुम्ही पाच आकडे लिहिलेत." चूक निघाली तरी भरलेलं सगळं जागेवर राहतं.

ब्राउझरमधली तपासणी कुणालाही टाळता येते, म्हणून फॉर्म जिथं पोचतो त्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, तीच तपासणी पुन्हा होते.

(दृश्य: मामा पडद्याकडे वाकून बघतायत.)

शेवटची चौकट मामांनी मागून घेतली. "पोरी, भोवरीचं कुठं लिवायचं?" आता तिथं मोकळी जागा आहे: पायाबद्दल काही सांगायचं आहे का? तिथं काही लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. या घरात फॉर्मवरून ऑर्डरी येऊ लागल्यात, मापाची फोनाफोनी कमी झालीय.

(दृश्य: छापलेला ऑर्डरचा कागद भिंतीवरच्या खिळ्याला. त्यावर मराठीत नाव, दोन मापं, आणि खाली एक ओळ: उजव्या करंगळीला भोवरी आहे.)

मामा कागद काढून घेतात. ती ओळ दोनदा वाचतात. चामड्यावर पेन्सिल टेकते, करंगळीपाशी रेघ थोडी बाहेरून जाते.

(रापीचा आवाज.)