डिसेंबरात कूलर कोण लावतं?

[कॅमेऱ्यासमोर बसून. पार्श्वसंगीत नको.]

डिसेंबर महिना. नागपुरात अधिवेशन सुरू, सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बंदोबस्त, रात्री चांगलाच गारठा. गल्लीच्या तोंडाशी लोक शेकोटी करून बसलेले. आणि आमच्या वरच्या मजल्यावर कूलर सुरू.

कूलरचा आवाज नागपूरकरांना काय सांगायचा! उन्हाळ्यात पाणी भरलेला कूलर एका ओल्या, भरलेल्या सुरात घुमतो. त्या आवाजाशिवाय आपल्याला झोप येत नाही. हा तसा नव्हता. टाकीत पाणी नाही, पंप बंद, नुसता पंखा. कोरडी खडखड. आई म्हणाली, "काय बाप्पा, यांना थंडी नाही वाजत का?"

चौथ्या-पाचव्या रात्री उलगडा झाला. मध्येच लाइट गेली, कूलर थांबला आणि त्याच्या आवाजाखाली दडलेली वरची मारहाण खाली ऐकू आली.

[कट. थोडं जवळून.]

वर भाड्याने एक जोडपं राहायचं, त्यांची एक लहान मुलगी. वस्ती सांगणार नाही. दोन-चार तपशील बदलले आहेत आणि हे सगळं तिला विचारूनच सांगते आहे.

तुमचा फोन घरात दुसरं कोणी तपासत असेल, तर हा व्हिडिओ मैत्रिणीच्या फोनवर बघा. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांशी. ज्यांना ऐकू येतं, त्यांच्याशी.

त्या रात्री आईने काय केलं? साडेदहा वाजले होते. तिने ओट्यावरची एक स्टीलची वाटी उचलली, मला म्हणाली, "चल, खाली पायरीवर उभी राहा," आणि वर जाऊन बेल दाबली. दार त्याने उघडलं. आई त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "बेटा, विरजण आहे का गं थोडं?" ती आली. चमचाभर दही वाटीत घालताना तिचा हात असा थरथरत होता की चमचा वाटीवर टणटण वाजत होता. आई दोन मिनिटं दारातच रेंगाळली. मुलीची शाळा कितीला भरते, पाणी उद्या येणार का, असलं काहीबाही विचारत राहिली. त्या रात्री वर परत आवाज आला नाही.

आमच्या फ्रिजमध्ये दह्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, हे सांगायला नको.

2008 साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती. शेजारी मारहाण ऐकू आली तर जा, बेल वाजवा, काहीतरी साधं निमित्त सांगा, एवढंच तिचं सांगणं होतं. आईला ती मोहीम माहीत नव्हती. पण युक्ती तीच. मारणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की भिंतीपलीकडे माणसं जागी आहेत. फक्त एकट्याने जाऊ नका आणि दारात त्याच्याशी वाद घालू नका. "ती मला सगळं सांगते" हे तर चुकूनही बोलू नका. तुम्ही खाली येता, ती तिथेच राहते. आणि आवाज जिवावर बेतल्यासारखा असेल तर वाटी-बिटी सोडा, सरळ 112 लावा. पत्ता, मजला, काय ऐकू येतंय, घरात लहान मूल आहे का, एवढं सांगा.

[स्क्रीनवर: 112]

आता माझा पराक्रम ऐका. मी शिकलेली, नोकरी करणारी. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला गाठलं आणि विचारलं, "सोडून का देत नाहीस त्याला?" ती म्हणाली, "हो ताई." बस. पुढचे दोन महिने माझ्या वेळेला ती गच्चीवर फिरकली नाही.

तो प्रश्न मला काळजीचा वाटला होता. तिच्या कानाला तो "चूक तुझीच" असा लागला. सोडायचं म्हणजे जायचं कुठे? एटीएम कार्ड त्याच्या खिशात, घराचा करारनामा त्याच्या नावावर, मुलीची शाळा इथे, माहेरी भावाचा संसार दोन खोल्यांत. आणि फार थोड्यांना माहीत असतं की बाई निघायला लागली की मारणारा जास्त चवताळतो. ती अडकून पडलेली दिसते तेव्हा बऱ्याचदा तिने धोक्याचा हिशोब आपल्यापेक्षा नीट केलेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21 चं, सांगतं की लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या बायकांपैकी जवळपास 29 टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. आणि हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या फक्त 14 टक्के. ती तोंड उघडते तेव्हा समोरच्याचं पहिलं वाक्य किती महाग असतं, ते यावरून बघा. दोन महिन्यांनी मी दुसरं वाक्य शोधलं: "मला ऐकू येतं. तुझी चूक नाहीये. तुला जे हवं ते सांग, नाही सांगितलंस तरी चालेल." ती रडली नाही, काही बोलली नाही. पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढून माझ्या हातात दिली. आत मुलीचा जन्मदाखला, आधार कार्डं, बँकेचं पासबुक. "ठेवाल का तुमच्याकडे?"

[कट]

आता कायदा. इथे गैरसमजांचा ढीग आहे.

लोकांना वाटतं तक्रार म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे नवरा आत, म्हणजे संसार संपला. तो फौजदारी मार्ग वेगळा. पूर्वीचं 498-अ, नवरा आणि सासरच्यांच्या छळाचं कलम. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 85 झालं. पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेला, निराळ्या वाटेने जातो. त्यात घटस्फोट मागावा लागत नाही, आधी एफआयआर असावा लागत नाही. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि आदेश मागायचा: हात लावू नकोस, घरातून काढू नकोस, खर्चाला पैसे दे, मूल तात्पुरतं आईजवळ राहू दे. तुरुंगाची भाषा येते ती संरक्षणाचा आदेश मोडल्यावर. तेव्हा एक वर्षापर्यंत कैद, किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि हिंसा म्हणजे फक्त मार नाही. पगार काढून घेणं, स्त्रीधन विकून टाकणं, लैंगिक जबरदस्ती, "तू वेडी आहेस" म्हणून रोज पोखरणं, सगळं या कायद्यात येतं. लग्नाची बायकोच पाहिजे असंही नाही. पोराचा मार खाणारी म्हातारी आईसुद्धा अर्ज करू शकते. अशा आया आपल्या गल्ल्यांत कमी नाहीत, पण त्यांच्याविषयी कोणी व्हिडिओ करत नाही. मीही अजून केलेला नाही.

घर कोणाच्या नावावर आहे, यावर तिचा राहण्याचा हक्क ठरत नाही. सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती सामायिक घरात राहत असेल तर हक्क मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलं. अमरावतीची सासुरवाशीण माहेरी नागपूरला आली असेल तर अर्ज इथेही करता येतो, तात्पुरती राहत असली तरी.

कायद्यात पहिली सुनावणी सहसा तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावण्याचा प्रयत्न, असं लिहिलंय. कोर्टाच्या तारखा ज्यांनी पाहिल्यात ते हसतील. म्हणूनच वकिलाला पहिल्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागायला सांगा. आणि वकिलाचे पैसे? स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयाच्या आवारात.

शेजाऱ्यांनो, याच 2005 च्या कायद्यातलं तुमच्या कामाचं कलम चौथं. हिंसा होते आहे असं वाटण्याला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं. प्रामाणिकपणे कळवलं असेल तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. "आपण कशाला मध्ये पडायचं" याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलंय. पण जीव धोक्यात नसेल तेव्हा आधी तिला विचारा. तिच्या नकळत कळवलं तर भोगायचं तिलाच असतं.

[स्क्रीनवर: 181]

181 ही महिला हेल्पलाइन. शहर पोलिसांचा भरोसा सेल आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोयही होते. तिच्यासोबत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. आम्ही एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे बाईंनी त्याला आणि तिला शेजारी-शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "बोल, काय त्रास आहे?" त्याच्यासमोर ती काय बोलणार? "काही नाही" म्हणाली आणि कागदावर तेच गेलं. म्हणून आधीच सांगायचं, मला एकटीला बोलायचंय.

कागदाचंच अजून एक. मेडिकलला, मेयोला, कुठेही जखम दाखवायला नेलंत तर डॉक्टरांना खरं सांगू द्या. "बाथरूममध्ये घसरले" म्हटलं की केसपेपरवर घसरणंच लिहिलं जातं आणि कोर्टात तोच कागद समोर येतो.

ती फाइल अकरा महिने आमच्या कपाटात होती, आईच्या साड्यांखाली. मग एका दुपारी, तो कामावर असताना, मुलीची शाळा सुटल्यावर ती थेट खाली आली आणि फाइल मागितली. ऑटो बाहेर उभा होता.

खाली कमेंट करताना स्वतःचं नाव, वस्ती, सासरचं आडनाव लिहू नका. दुसऱ्या कोणाचंही नको. "ताई, माझ्या मैत्रिणीबद्दल विचारायचंय" एवढं लिहा, मी वेगळं उत्तर देते. ज्याच्यापासून लपवायचंय, तोही कमेंट वाचत असतो.