बाजू उलटण्यापुरती उसंत

कार्यक्रमपत्रिकेवर 'पाच अभिजात अल्बम' असं छापलंय. भाषणाचा बराचसा वेळ वक्त्याच्या परिचयात गेला. परिचय माझाच होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

माझं म्हणणं साधं आहे. एलपीवरचा, म्हणजे मोठ्या तबकडीवरचा, अल्बम दोन बाजूंचा असतो आणि तो तसाच ऐकावा.

१९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. इथल्या निम्म्या लोकांच्या घरी तो असणार आणि उरलेल्या निम्म्यांनी तो त्यांच्याकडूनच नेलेला असणार. (हशा) शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. तबल्यावर माणिकराव पोपटकर. त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. गिटारला नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगतो, काबरा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायचे. आधी त्यांची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐका, मग भांडू.

तर, हा काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस आहे. अहिरभैरव रागात उजाडतं, पहाडीत दिवस संपतो. परवा भाच्यानं तो हौसेनं फोनवर लावला. आधी पहाडी, मग भूप, मग एकदम अहिरभैरव! म्हटलं, ''अरे, हा रात्रभर मेंढ्या घेऊन हिंडला की काय?'' तो म्हणाला, ''मामा, शफलवर आहे, गाणी क्रम सोडून लागतात.'' एवढ्यात जाहिरातीतल्या एक बाई मध्येच आल्या आणि गृहकर्जाचा व्याजदर सांगू लागल्या. मेंढपाळाला गृहकर्ज! (हशा) शिवकुमारजींनी संतूरला मैफलीत बसायला जागा मिळावी म्हणून किती टोमणे सोसले, आणि आपण... असो. चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं उरली.

जॅझवर येतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चचा कोलंबिया कंपनीनं स्टुडिओ केला होता, तिथे दोन बैठकांत ध्वनिमुद्रण झालं. पहिल्या दिवशी टेपयंत्र किंचित मंद फिरत होतं. ती टेप योग्य वेगानं लावली की सूर चढा येणार. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तशाच बाजारात गेल्या आणि १९९२ पर्यंत तशाच राहिल्या. त्या रेकॉर्डबरोबर वाजवून पाहणाऱ्या वादकांचा सूर काही जुळेना. दुसरी बाजू मात्र सुरात. जुनी प्रत असेल तर दोन्ही बाजू लागोपाठ लावून बघा. मला स्वतःला ती चढी बाजूच जवळची वाटते, त्यात वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन तिथे जरा अधीर वाटतो.

आता पळतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत साडेतीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी राग उभे केले. १९४८ मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. रचना त्या मापानं बेतली जाऊ लागली. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये, १९७३ चा तो, पहिली बाजू गायिका क्लेअर टोरीच्या शब्दाविना आक्रोशावर संपते. तुम्ही उठता, तबकडी उलटता, आणि पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला नाणी खणखणतात. मधली उसंत गेली की तो खणखणाट नुसता दचकवतो. बीटल्स राहिले, त्यांना माझी गरज नाही.

शेवटचं, किशोरीताई आमोणकर. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपातलं 'सहेला रे' झाल्यावर लगेच बागेश्री लावू नका. तबकडी फिरू द्या, सुई उचला आणि चहा टाका.