खोरोशो: विशेषण की क्रियाविशेषण?

फळ्यावर तीन रशियन वाक्यं आहेत. 'ओन खोरोशो पोयोत', तो चांगलं गातो. 'पिस्मो खोरोशो', पत्र चांगलं आहे. 'म्न्ये खोरोशो', मला बरं वाटतंय. (रशियन शब्द इथे स्पेलिंगप्रमाणे लिहिलेत; बोलताना आघात नसलेला 'ओ' 'आ'कडे झुकतो, म्हणून कानाला 'खराशो' ऐकू येतं.) आता यातल्या 'खोरोशो'ची शब्दजात सांगा. नुसत्या शब्दाकडे बघून ती सांगता येणार नाही, बाजूचे शब्द हलवून बघावे लागतात.

पहिल्या वाक्यात गाणारे अनेक करा. क्रियापद 'पोयूत' होईल, 'खोरोशो' जागचं हलणार नाही. ते क्रियाविशेषण. दुसऱ्यात पत्राच्या जागी पुस्तक ठेवा. 'पिस्मो' नपुंसकलिंगी, 'क्नीगा' स्त्रीलिंगी. लगेच 'क्नीगा खोरोशा' म्हणावं लागतं. नामाच्या लिंगाप्रमाणे बदललं, म्हणजे विशेषण, त्याचं आखूड रूप. तिसऱ्यात मात्र बदलायला कर्ताच नाही. अनुभवणारा चतुर्थीत बसलाय आणि भूतकाळातही बाई असो वा बुवा, 'म्न्ये बीलो खोरोशो' हेच राहतं. अशा शब्दांना रशियन भाषाशास्त्रज्ञ लेव्ह श्चेर्बा यांनी 1928 च्या लेखात 'अवस्थावाचक' असा वेगळा वर्ग सुचवला. काही पाठ्यपुस्तकं तो मानतात, काही त्यांना क्रियाविशेषणातच ढकलतात. वेगळा वर्ग मानलेला बरा, कारण वाक्याची रचनाच वेगळी आहे.

इथे मराठी माणसाचं काम सोपं आहे. 'मला बरं वाटतं', 'मला गार वाटतं' हा साचा आपल्या तोंडात बसलेलाच आहे. इंग्रजीचा हात धरून गेलं की 'या खोलोदनो' (शब्दशः 'मी गार') असं चुकीचं वाक्य तयार होतं. हवं असतं 'म्न्ये खोलोदनो', मला गार वाटतं.

आता 'तोझे' आणि 'तो झे'. जोडून लिहिलं तर आपला 'ही', तोडून लिहिलं तर 'तेच'. 'ओन तोझे चिताएत', तोही वाचतो. 'ओन चिताएत तो झे, श्तो इ व्चेरा', काल वाचलं तेच तो वाचतोय. शंका आली तर पुढे 'सामोये' लावून बघा. 'तो झे सामोये' चाललं तर शब्द दोन. पुढे 'श्तो' येत असेल तरी बहुधा दोनच.

'ब्लागोदार्या'चा उलगडा विभक्तीवर होतो. 'ब्लागोदार्या द्रूगु', चतुर्थी: मित्रामुळे, म्हणजे शब्दयोगी अव्ययासारखं. 'ब्लागोदार्या द्रूगा', द्वितीया: मित्राचे आभार मानत, म्हणजे धातुसाधित. एका स्वराचा फरक, म्हणून शेवटचं अक्षर गिळू नका.

सगळ्यात जास्त गुण जातात ते एका 'न'पायी. तळलेला बटाटा 'झारेनाया कार्तोश्का', एक न, विशेषण. चरबीत तळलेला म्हटलं की 'झारेन्नाया ना साले कार्तोश्का', दोन न. 'चरबीत' हा शब्द आल्यामुळे तळण्याची क्रिया जागी होते आणि शब्द धातुसाधित ठरतो. नकाराचा 'ने' मात्र असा शब्द धरत नाहीत: 'नेझारेनाया', एकच न. आणि क्रिया पूर्ण झाल्याचं दाखवणारा 'पो' शब्दाच्या सुरुवातीला लागला, तर सोबत कुणी असो नसो, 'पोझारेन्नाया', दोन न.