मुंबईच्या थंडीचे भेटकार्ड

श्रोतेहो,

नाताळ-नववर्षाची भेटकार्डे घरी करायची म्हटली की आपल्याकडे आधी बर्फ काढला जातो आणि मग त्यावर हौसेने कापूस चिकटवला जातो. ज्या मुंबईत पारा सर्वांत खाली उतरला तो २२ जानेवारी १९६२ रोजी, सांताक्रूझला, आणि तोही ७.४ अंशांपर्यंतच, तेथे हा बर्फ कोठून आला, हा प्रश्न कोणालाच पडत नाही.

गंमत अशी की पहिल्या छापील नाताळ-कार्डावरही बर्फ नव्हता. हेन्री कोल यांनी १८४३ साली लंडनमध्ये जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून ते काढून घेतले, तेव्हा मधोमध मेजाभोवती बसून पेले उंचावणारे कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गोरगरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसे, एवढेच त्यावर होते. चित्रातले एक लहान मूलही पेल्याला तोंड लावते, म्हणून मद्यपानविरोधी मंडळींनी बराच गहजब केला. पुढे इंग्रजी कार्डांवर लाल छातीचा रॉबिन पक्षी येऊन बसला. त्या काळी लाल डगला घालणाऱ्या पोस्टमनलाच लोक रॉबिन म्हणत. म्हणजे ज्याने त्याने आपल्या दारात दिसले ते काढले, आणि आपणही तसेच करावे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या दारात काय दिसते? शिवडीच्या चिखलात उतरलेले गुलाबी रोहित पक्षी, चौपाटीवर शेवेसाठी झेपावणारे कुरव, वांद्र्याच्या गल्ल्यांतून टांगलेल्या कागदी चांदण्या, भाजीवालीच्या पाटीतली बोरे आणि हिरवा हरभरा. शिवाय स्वेटरची खरी गरज नसतानाही तो कपाटातून काढणारी आपली माणसे आहेतच. विनोदी कार्डाला याहून चांगला विषय मिळायचा नाही.

आता कागदाकडे वळतो, कारण बहुतेक कार्डे बिघडतात ती तेथेच. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पितो, त्याचे तंतू फुगतात आणि कार्ड वाकते. डिसेंबरात जमिनीकडून कोरडे वारे येऊ लागले की तोच कागद शहाण्यासारखा वागतो. यंत्रावर बनलेल्या जाड कागदातले बरेचसे तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. घडी न मोडता तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. जिकडे कमी विरोध होतो, तिकडेच घडी स्वच्छ पडते, आणि उलट घातली तर कडेला पांढऱ्या भेगा उमटतात. घडीपूर्वी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने एक खोल रेघ ओढून घ्यावी. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने उचललेल्या कागदाला अशी ठळक दिशा नसते, मात्र त्यावर शाई फुटते, म्हणून मजकूर आधी एखाद्या तुकड्यावर लिहून पाहणे बरे. डिंक नेहमी पातळ आणि बेताचाच लावावा. कागद एका अंगाने भिजला की लगेच वळतो, त्यामुळे चिकटवकाम झाल्यावर कार्ड रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावे.

हात बसला की नाताळावर थांबू नये, कारण संक्रांत तीनच आठवड्यांवर असते. पाकिटात हलव्याची चिमुकली पुडी घालून शुभेच्छा गावोगाव धाडण्याची चाल आपल्याकडे होतीच. मात्र चित्रावर तीळ चिकटवायचे असतील तर ते कच्चेच घ्यावेत; भाजलेले तीळ तेल सोडतात आणि कार्ड पोहोचेपर्यंत कागदावर डाग पसरतो. हलवा चिकटवण्याचा मोह तर सरळ टाळावा. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा चुरा होतो, आणि उरलेल्याचा समाचार मुंग्या घेतात.