डार्लिंग्टनचा ट्रॅक: तळे आणि टायर

श्रोतेहो, नमस्कार. आज आपल्याला मी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात, डार्लिंग्टन नावाच्या लहानशा गावी घेऊन जाणार आहे. तेथील ट्रॅक स्टॉक कार शर्यतींसाठी प्रसिद्ध आहे. स्टॉक कार म्हणजे शर्यतीसाठी मुद्दाम घडवलेले वाहन नव्हे, तर कोणालाही दुकानातून विकत घेता येईल अशी घरगुती मोटार. निदान आरंभी तरी नियम तसाच होता.

हॅरल्ड ब्रॅसिंग्टन हे याच गावचे व्यावसायिक. १९३३ मध्ये त्यांनी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत पाहिली आणि तसा मोठा ट्रॅक आपल्याही भागात असावा, हे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या स्टॉक कार शर्यती बहुतेक मातीच्या ट्रॅकवर होत असत. ब्रॅसिंग्टन यांनी शर्मन रॅम्सी यांच्याकडून सुमारे ७० एकर शेतजमीन मिळवली. रॅम्सी यांची अट एकच होती: जमिनीच्या पश्चिमेकडे गळाला लावायच्या छोट्या माशांचे जे तळे आहे, त्याला हात लावायचा नाही. ब्रॅसिंग्टन यांनी शब्द दिला आणि पाळला. १९४९ च्या शरद ऋतूत काम सुरू झाले, तेव्हा तळे वाचवण्यासाठी पश्चिमेकडचे वळण आखूड आणि अरुंद करावे लागले. पूर्वेकडचे वळण मात्र ऐसपैस राहिले. त्यामुळे ट्रॅकला अंड्यासारखा आकार आला. हे ध्यानात ठेवा, श्रोतेहो: एक टोक रुंद, एक टोक अरुंद, आणि त्याचे कारण एक तळे. बांधकामात एखादे झाड किंवा पाणवठा आडवा आला की आधी तो नाहीसा करायचा, ही घाई मला कधीच पटलेली नाही. दिलेल्या शब्दाखातर नकाशा वाकवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता ज्या दिवसाविषयी बोलण्यासाठी मी आपल्यापुढे आलो आहे, त्या दिवसाकडे येतो. ४ सप्टेंबर १९५०, सोमवार, अमेरिकेतील कामगार दिन, आणि या ट्रॅकवरच्या पहिल्या शर्यतीचा दिवस. ट्रॅक सव्वा मैलाचा, फेऱ्या ४००, म्हणजे एकूण ५०० मैल, आपल्या हिशेबाने सुमारे आठशे किलोमीटर. एकेका रांगेत तीन अशा २५ रांगांत ७५ मोटारी उभ्या होत्या. या मोटारी इतके अंतर डांबरी ट्रॅकवर अशा वेगाने पूर्वी कधी धावल्या नव्हत्या आणि त्यांच्या बहुसंख्य चालकांची सारी कारकीर्द मातीवर गेलेली होती.

मातीवर चाक घसरते, माती उडते आणि टायर त्या मानाने कमी झिजतो. डांबरावर तसे होत नाही. तेथे प्रत्येक वळणावर जड मोटारीचा सारा भार बाहेरच्या बाजूच्या टायरांवर येतो, रबर तापते, सोलवटते आणि अखेर फुटते. पुढे धावणाऱ्या मोटारी बलाढ्य इंजिनांच्या आणि वजनदार होत्या. त्यांचे टायर एकामागून एक फुटू लागले. जवळचा साठा संपल्यावर काही पथकांनी ट्रॅकच्या आत उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे टायर काढून आणले, असे तेथील लोक आजही सांगतात.

आणि त्या ७५ चालकांपैकी एक, जॉनी मँट्झ? त्यांची मोटार होती सहा सिलिंडरांची, हलकी, साधी प्लिमथ. पात्रता फेरीनंतर त्यांना ४३ वे स्थान मिळाले होते. परंतु मँट्झ यांनी इंडियानापोलिसला शर्यती केल्या होत्या आणि कठीण पृष्ठभागावर लांब पल्ल्यात टायर काय सोसतात, याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी मोटारीला ट्रकसाठी बनवलेले कडक रबराचे टायर बसवले. अशा टायरांवर वेग फारसा मिळत नाही, पण ते टिकतात. इतर चालक टायर बदलण्यासाठी पुन्हा पुन्हा थांबत राहिले आणि मँट्झ एकाच संथ लयीत फेऱ्या घालत राहिले. साधारण पन्नासाव्या फेरीच्या सुमारास ते सर्वांच्या पुढे गेले आणि मग शेवटपर्यंत त्यांना कोणी गाठू शकले नाही. शर्यत साडेसहा तासांहून अधिक चालली, विजेत्याचा सरासरी वेग भरला ताशी सुमारे १२१ किलोमीटर, आणि दुसऱ्या क्रमांकावरचे फायरबॉल रॉबर्ट्स नऊ फेऱ्या मागे होते. पुन्हा सांगतो, श्रोतेहो: नऊ फेऱ्या. ७५ मोटारींच्या त्या गर्दीत, टायरचा विचार आधी केलेल्या माणसाने हे अंतर टाकले होते. आजही गाडी घेताना घरोघरी इंजिनाची, रंगाची आणि आसनांची चर्चा तासन् तास होते, परंतु टायरचा विषय क्वचितच निघतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. ट्रॅक वाढवला गेला आणि आता तो १.३६६ मैलांचा आहे. आकार मात्र अंड्याचाच राहिला. रुंद वळणासाठी जुळवलेली मोटार अरुंद वळणावर अडखळते आणि अरुंद वळणासाठी जुळवलेली रुंद वळणावर बिथरते. दोन्ही टोकांना सारखी साथ देणारी मोटार तेथे कोणालाच पूर्णपणे साधत नाही. वेगाची वाट भिंतीला अगदी खेटून जात असल्याने मोटारीची उजवी बाजू भिंतीला घासते आणि तिच्यावर ओरखड्यांचा लांब पट्टा उमटतो. त्याला तेथे ‘डार्लिंग्टनचा पट्टा’ असेच म्हणतात. दक्षिण कॅरोलिनाच्याच डेव्हिड पीअरसन यांनी अशा ट्रॅकवर दहा शर्यती जिंकल्या, यावरून त्यांच्या हाताची कल्पना यावी.

मार्च २००३ मध्ये याच ट्रॅकवर रिकी क्रेव्हन आणि कर्ट बुश यांच्या मोटारी शेवटच्या फेरीत एकमेकींना घासत, धडका देत अंतिम रेषेपर्यंत आल्या. पहिल्या शर्यतीत जेथे नऊ फेऱ्यांचे अंतर पडले होते, तेथे त्या दिवशी क्रेव्हन जिंकले ते ०.००२ सेकंदाने.