जुने गोवेची रातफेरी

(दृश्य: तिन्हीसांज. गाड्यांचे दिवे. रस्त्यालगत जोत्यावर उभा काळा खांब.)

संध्याकाळी सहानंतर जुने गोवे रिकामं होतं. चर्चची दारं लागतात, बसेस पणजीच्या वाटेला लागतात. आणि मग रातफेरीची मंडळी जमतात. कुणी फोंड्याचं, कुणी माशेलचं, दोन कुटुंबं थेट सावंतवाडीहून आलेली. हातात बॅटऱ्या, पोरांच्या डोळ्यांत भुताची वाट. वाटाड्या इथलाच तरुण. पाऊल उचलण्याआधी तो राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवचाराला, गाऱ्हाणं घालतो: "तुज्या हद्दीतल्यान माणसां व्हरतां, सांबाळून घे." कडेला नारळ ठेवतो, विडी पेटवून ठेवतो. देवचाराचा मान दिल्याशिवाय ही फेरी निघत नाही.

समोर दिसतोय तो हातकातरो खांब. इथे माणसांना बांधून शिक्षा होई, हात तोडले जात, हे इथल्या पिढ्यांनी सांगत आणलंय. खांब पोर्तुगीजांच्याही आधीचा, कदंब राजांच्या काळातल्या मंदिराचा असावा, असं अभ्यासक मानतात. बॅटरीचा झोत जवळ नेला की दगडावरचं घडीव काम उजळतं. शेजारून भरधाव गाड्या जातात. थांबून पाहणारे आज तरी एवढेच.

(दृश्य: से कॅथेड्रलसमोरचं मोकळं मैदान. हिरवळीवर हलणारे बॅटऱ्यांचे झोत.)

इथे हिरवळ दिसतेय, तिथे एकेकाळी आदिलशाही वाडा होता. 1510 मध्ये शहर पोर्तुगीजांच्या हाती गेलं आणि पुढे याच वाड्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं, न्यायालय बसलं. 1560 ते 1812, मधली चार-पाच वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं. लोक त्या वास्तूला ओरलें घर म्हणत. मोठं घर. एवढंच म्हणत, पुढचं बोलायची सोय नव्हती.

मुलं विचारतात, "दादा, इथे रात्री किंकाळ्या ऐकू येतात का?"

येत होत्या. त्यांची लेखी साक्ष आहे. शार्ल देलाँ हा फ्रेंच डॉक्टर इथल्या कोठडीत होता. 1676 मध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली. सुटल्यावर त्याने लिहून ठेवलं, की छळ होणाऱ्या कैद्यांचा आक्रोश सकाळच्या वेळी त्याला कोठडीत ऐकू यायचा. वाटाड्या हे सांगतो तेव्हा आवाज चढवत नाही, आणि तेच बरं. इथे मसाला लावायची गरजच नाही.

याच शहरात गार्सिया द ओर्ता हा वैद्य राहत होता. इथल्या झाडपाल्याचा, मसाल्यांचा, औषधांचा अभ्यास करून त्याने लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मोडशीचं, म्हणजे पटकीचं वर्णन आहे. ही साथ 1543 मध्ये शहरावर अशी तुटून पडली होती, की मेलेल्यांसाठी चर्चची घंटा वाजवायला गव्हर्नरने बंदी घातली. घंटा ऐकून जिवंत माणसंच धास्तावत होती. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळलं. आणि 1580 मध्ये, मरून बारा वर्षं झालेल्या ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली.

मेलेल्या माणसालाही ज्या गावात सुटका नव्हती, तिथे भुताची गोष्ट वेगळी रचावी लागत नाही.

(दृश्य: पवित्र टेकडीचा चढ. ऑगस्टिनच्या मठाचा उंच, अर्धा ढासळलेला मनोरा.)

चढ दमवणारा आहे. आतलं आवार रात्री बंद, म्हणून सगळे रस्त्यावरूनच पाहतात. जांभ्या दगडाची भिंत हाताला खरखरीत लागते, भोकाभोकांत शेवाळ. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं. 1931 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग गेला. इथली घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

याच पडझडीत जॉर्जियाची राणी केतेवान विसावली होती. धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 मध्ये इराणात शिराझला तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनच्या साधूंनी तिचे अवशेष इथवर आणले. ते उत्खननात सापडले, ते तिचेच असावेत याला डीएनए तपासणीने दुजोरा दिला, आणि 2021 मध्ये तिच्या देशाला सन्मानाने दिले गेले. चारशे वर्षांनी एक राणी घरी पोहोचली.

दूषित विहिरी, पुन्हा पुन्हा येणाऱ्या साथी, गाळाने भरत गेलेली नदी. शहर ओसाड झालं, 1843 मध्ये राजधानीचा मान पणजीला गेला. जागतिक वारसा यादीत इथली चर्च 1986 पासून आहेत, तरी संरक्षित क्षेत्रातल्या बांधकामाविरुद्ध 2021 मध्ये लोकांना उपोषणाला बसावं लागलं.

(दृश्य: व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्याकडे. पलीकडे दिवाडी बेटाचे दिवे, फेरीबोट येतेय.)

फेरी संपताना वाटाड्या प्रत्येकाकडे एक गोष्ट मागतो. घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली, गावाच्या नावासकट. भुताची असेल तरी चालेल, देवाची असेल तरी चालेल. तो ती वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या फेरीत सांगतो.

आज धक्क्यावर दिवाडीच्या एक आजी उभ्या आहेत. बोट लागायला अजून अवकाश आहे. त्या सप्तकोटेश्वराबद्दल सांगू लागतात: दिवाडीवरचं देऊळ मोडलं तेव्हा देव नदीपार डिचोलीच्या बाजूला कसा नेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे नव्या देवळाचं काम कसं काढायला लावलं. वाटाड्या वही उघडतो. "आजी, सवकास सांग," तो म्हणतो, "सगळें बरोवन घेतां."