पहिले दर्शन आणि जुना कागद

मुखपृष्ठावर हिरवी मोटार डोक्यावर उचलून उभा असलेला हा सुपरमॅन. जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून तो वाचकांसमोर प्रथम आला, आणि दहा सेंटांचा तो अंक अमेरिकेतील संग्राहकांनी सर्वांत मानाचा मानला. नायकाचे पहिले दर्शन घडवणाऱ्या अंकाला असाच मान मिळतो: बॅटमॅनसाठी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २७वा अंक, स्पायडरमॅनसाठी ‘अमेझिंग फँटसी’चा १५वा.

पहिले दर्शन कोणते, हे दरवेळी इतके सरळ नसते. मार्व्हल या प्रकाशन संस्थेचा नायक वुल्व्हरिन ‘हल्क’च्या १८०व्या अंकाच्या अखेरीस क्षणभर दिसतो, त्याची खरी झुंज रंगते ती नोव्हेंबर १९७४च्या १८१व्या अंकात, आणि संग्राहकांची धाव असते ती याच अंकाकडे. त्यातील वाचकांच्या पत्रांच्या पानावर टपाल तिकिटासारखे एक छोटे चित्र-तिकीट छापलेले होते. ते कापून पुस्तिकेत चिकटवावे, असे आवाहन मार्व्हलनेच केले होते आणि वाचकांनी ते मनापासून पाळले. त्यामुळे मुखपृष्ठ कितीही टवटवीत असले, तरी तिकीट जागेवर आहे ना, हे पाहिल्याशिवाय जाणकार माणूस अंक घेत नाही.

मुळात हा कागद टिकावा म्हणून बनलेलाच नव्हता. लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा पडतो, आणि कागदात मुरलेले आम्ल हळूहळू त्याला ठिसूळ करते. म्हणूनच पिना गंजल्या आहेत का, मधले पान सुटले आहे का, घडीवरचा रंग उडून पांढऱ्या रेषा उमटल्या आहेत का, हे सारे एकेक करून तपासले जाते, आणि अतिनील प्रकाशाखाली नंतर भरलेला रंग वेगळा उठून दिसतो. झाकलेल्या दोषापेक्षा उघड फाटलेला कोपरा केव्हाही चांगला. त्याच्यावर विश्वास तरी ठेवता येतो.

अंकांची स्थिती तपासणाऱ्या सीजीसीसारख्या संस्था दहापैकी गुण देऊन अंक प्लास्टिकच्या पेटीत बंद करतात. २०२४मध्ये सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाची ८.५ गुणांची प्रत लिलावात ६० लाख डॉलरना गेली. निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना हक्कांपोटी १३० डॉलर मिळाले होते.

पेटीत बंद झालेला अंक मात्र वाचता येत नाही. वाचायचा अंक जपण्याची पद्धत वेगळी आहे: मायलर या टिकाऊ प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि अंक उभा, उन्हापासून आणि दमटपणापासून दूर. अशा पिशवीतला अंक स्वच्छ, कोरड्या हातांनी बाहेर काढून पहिल्या चौकटीपासून वाचता येतो.